परक्या वाय-फायवरून घरचा फोन

मोजमापाची अचूक यंत्रं बसवणं आणि ती नीट मोजतात की नाही हे तपासणं, हे माझं काम. चिंचवडहून निघायचं, स्टुटगार्टच्या आसपासच्या एखाद्या गावात, दुबईजवळच्या औद्योगिक वसाहतीत नाहीतर शांघायबाहेरच्या कारखान्यात दोन-तीन आठवडे मुक्काम करायचा, आणि ग्राहकानं यंत्र स्वीकारल्याच्या कागदावर सही केली की परतायचं. या नोकरीत देश बदलले, यंत्रं बदलली, पण परक्या वाय-फायवरून घरी फोन लावणं काही चुकलं नाही.

भारतात इंटरनेटवरून टेलिफोनसारखं बोलायला सरकारनं परवानगी दिली १ एप्रिल २००२ पासून. त्याआधी परदेशी बोलायचं म्हणजे आयएसडीचा बूथ, काचेची खोली आणि डोळ्यांसमोर धावणारे लाल आकडे. बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष त्या आकड्यांकडे. २००३ मध्ये स्काइप आलं, २०१५ मध्ये व्हॉट्सॲपवर आवाजाचे कॉल सुरू झाले, आणि मे २०२५ मध्ये स्काइप बंदही झालं. एवढ्या काळात फोन कुठल्या कुठे गेला. विमानतळ, हॉटेल आणि रेल्वे यांच्या वाय-फायवरून बोलताना येणाऱ्या अडचणी मात्र बऱ्याचशा जुन्याच आहेत. सार्वजनिक वाय-फायकडून जी जी कामं करून घेता येतात, त्यांत फोनवर बोलणं हे सगळ्यात नाजूक काम आहे. ते अडलं की प्रवासात असलेल्या माणसाला नुसती चिडचिड होते. घरी वाट पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तो येऊ नये, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. पट्ट्या भरलेल्या दिसल्या म्हणजे नेट आलं, असं धरू नये.

फोनच्या वरच्या कोपऱ्यातला वाय-फायचा पंखा आपल्या फोनपासून समोरच्या वाय-फायच्या डब्यापर्यंतची रेंज दाखवतो. त्या डब्याच्या पलीकडे काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. मध्यंतरी एसटीच्या गाड्यांमध्ये वाय-फायचे डबे बसवले होते. जोडणी लगेच व्हायची, पण त्यावर दिसायचे ते डब्यातच भरून ठेवलेले सिनेमे आणि मालिका. बाहेरचं इंटरनेट त्यात नव्हतंच. काही रेल्वेगाड्यांतही करमणुकीचं वाय-फाय असंच असतं. अशा गाडीत शेजारची बाई ‘पट्ट्या तर फुल्ल आहेत, मग लागत का नाही?’ म्हणून पुन्हा पुन्हा फोन लावत बसते, आणि तिला कुणी समजावून सांगत नाही.

मी जोडणी झाल्यावर आधी त्या दिवसाची ताजी बातमी उघडते. आदल्या दिवशी उघडलेलं पान चालत नाही, कारण ते फोननं साठवून ठेवलेलं असू शकतं. बातमी उघडली की सोबतच्या सहकाऱ्याला मोबाइल डेटावर राहायला सांगून त्याला एक कॉल लावते आणि दोन वाक्यं बोलून बघते. स्काइपवर यासाठी सोय होती: एका ठरावीक खात्याला फोन लावला की आपलाच आवाज परत ऐकू यायचा. ती सोय गेली याचं मला वाईट वाटतं. घरच्यांना चाचणीसाठी वापरू नये. लागून तुटलेला फोन त्यांच्या मनात दिवसभर राहतो.

२. लॉगिनच्या पानाची गाठ आधी सोडवावी.

२००६ च्या सुमारास नेटगिअर, बेल्किन अशा कंपन्यांनी निव्वळ वाय-फायवर चालणारे स्काइपचे फोन काढले होते. दिसायला साध्या मोबाइलसारखे, संगणकाची गरज नाही. घरच्या राऊटरवर ते उत्तम चालायचे. पण विमानतळावर किंवा हॉटेलात गेलं की अडायचे, कारण तिथे आधी एक पान उघडून ‘अटी मान्य’वर टिचकी मारावी लागते आणि या फोनमध्ये ब्राउझरच नव्हता. त्याच वर्षी आलेल्या नोकियाच्या ई-६१ मध्ये वाय-फाय, ब्राउझर आणि इंटरनेट फोन तिन्ही होते. म्हणून आमच्यासारख्या फिरतीवरच्या लोकांत तो भाव खाऊन गेला.

आता प्रत्येक फोनमध्ये ब्राउझर आहे, तरी हे पान अनेकदा समोर येतच नाही. ते का, हे समजून घेतलं तर निम्मा त्रास वाचतो. वाय-फायला जोडलं गेल्याबरोबर फोन आपल्या कंपनीच्या सर्व्हरवरचं एक छोटंसं पान मागतो. ठरलेलं उत्तर आलं तर नेट मोकळं आहे असं तो समजतो. मधल्या यंत्रणेनं उत्तर अडवून भलतंच पान पुढे केलं, तर इथे लॉगिन लागतं हे त्याला कळतं आणि ते पान तो आपल्याला दाखवतो. व्हीपीएन चालू असेल किंवा अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ म्हणून विशिष्ट सर्व्हर घातलेला असेल, तर ही अडवणूक नीट होत नाही. मग ना नेट मिळतं, ना पान. म्हणून आधी या दोन्ही गोष्टी बंद करायच्या, लॉगिन उरकायचं आणि मग हवं तर पुन्हा चालू करायच्या. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ हा पत्ता टाकावा. ती साइट मुद्दाम कुलूप न लावता ठेवलेली आहे, त्यामुळे मधल्या यंत्रणेला तिथे आपलं पान घुसवता येतं.

हॉटेलात आणखी एक गोष्ट होते. काल संध्याकाळी खोली क्रमांक आणि आडनाव टाकून लॉगिन केलेलं असतं, आणि सकाळी फोन पुन्हा अनोळखी ठरतो. अलीकडचे फोन, आयफोन २०२० पासून आणि अँड्रॉइड त्याच्याही थोडे आधीपासून, आपला खरा यंत्र-पत्ता लपवून वाय-फायला बनावट पत्ता देतात. कुणी आपला माग काढू नये म्हणून ही सोय आहे आणि ती चांगलीच आहे. पण तो पत्ता बदलला की हॉटेलच्या यंत्रणेला वाटतं, या खोलीत आणखी एक फोन आला. एका खोलीत दोन-तीनच उपकरणांना परवानगी असेल तर दार बंद. त्या हॉटेलच्या वाय-फायपुरता पत्ता कायम ठेवण्याचा पर्याय सेटिंगमध्ये असतो. मुक्काम लांबचा असेल तर पहिल्याच दिवशी तो निवडून टाकावा.

३. भारतात येणाऱ्या पाहुण्याला ओटीपी मिळेल, हे गृहीत धरू नये.

आपल्याकडे रेल्वे स्टेशन असो की विमानतळ, वाय-फायसाठी मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी लागतो. याचं मूळ मुंबईच्या परिसरातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा माध्यमांना गेलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वाय-फायपर्यंत पोहोचला. पुढचा ई-मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या वाय-फायवरून गेला, आणि सप्टेंबरमधल्या दिल्लीच्या स्फोटांवेळचा चेंबूरच्या एका कंपनीच्या. ज्यांचं वाय-फाय वापरलं गेलं, त्यांना चौकशीला तोंड द्यावं लागलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं नियम काढला, की सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवलीच पाहिजे. ओटीपी आला तो त्यातून. मला हा नियम योग्यच वाटतो.

अडचण होते ती परदेशी क्रमांक घेऊन उतरणाऱ्यांची. अमेरिकेहून येणारा भाचा मुंबईला उतरतो, त्याच्या क्रमांकावर ओटीपी येत नाही, आणि बाहेर गाडी घेऊन उभे असलेले मामा त्याच्या व्हॉट्सॲपवर फोन लावत राहतात. काही विमानतळांवर पासपोर्ट दाखवून वाय-फायचं कूपन मिळतं. पण सामान, कस्टम आणि झोपमोड यांतून ते शोधायला कुणाला सुचत नाही. आमच्याकडे कुणी येणार असलं की आम्ही फोनच्या भरवशावर काही ठेवत नाही. कुठल्या दारातून बाहेर यायचं, कुठल्या खांबापाशी थांबायचं, किती वेळ वाट बघायची, हे विमानात बसण्यापूर्वीच ठरवतो.

उलट बाजूनं सांगायचं तर आपण बाहेर जाताना भारतीय सिम फोनमध्ये चालू ठेवावं आणि डेटा रोमिंग तेवढं बंद करावं. बँकेचे आणि वाय-फायचे ओटीपी एसएमएसनं येतात. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, तरी निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून घ्यावं.

४. आवाजाला वेग थोडा लागतो, सातत्य भरपूर लागतं.

‘इथे पन्नास एमबीपीएस स्पीड आहे, तरी आवाज का तुटतो?’ हा प्रश्न मला तरुण सहकारी नेहमी विचारतात. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज जुन्या पद्धतीनं पाठवायला सेकंदाला ६४ किलोबिट लागतात. वरचा बांधणीचा भार धरला तरी शंभरच्या आतच. नव्या पद्धतींना त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणजे वेगाचा प्रश्न फारसा नसतोच.

बोलताना आपला आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत चिरला जातो आणि सेकंदाला पन्नास तुकडे एकामागोमाग रवाना होतात. स्लॅब टाकताना घमेल्यांची रांग लागते ना, तसं हे आहे. मधला एक माणूस क्षणभर थांबला तरी वरच्याच्या हातात काहीच येत नाही. सिनेमा बघताना फोन पुढची काही मिनिटं आधीच साठवून ठेवतो, म्हणून मध्ये नेट अडखळलं तरी आपल्याला पत्ता लागत नाही. बोलणं साठवून कसं ठेवणार? उशिरा आलेला तुकडा फेकून द्यावा लागतो, आणि कानाला ‘नाना, मी पो... ...ले, जे... झालं’ असं ऐकू येतं.

आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे गेलं की दोघं एकाच वेळी बोलायला लागतात, मग दोघंही थांबतात. माझे वडील, नाना, कराडला असतात. उशीर वाढला की त्यांना वाटतं मी चिडून गप्प झाले. म्हणून त्यांना सांगून ठेवलंय: ‘नाना, माझं वाक्य संपलं की दोन आकडे मनात मोजा आणि मग बोला.’ या एका सूचनेनं आमचं बोलणं जितकं सुधारलं, तितकं कुठल्याही ॲपनं सुधारलं नाही.

याच कारणानं धावत्या गाडीतून महत्त्वाचं बोलू नये. जर्मनीच्या वेगवान आयसीई गाड्यांत २०१७ पासून दुसऱ्या वर्गालाही वाय-फाय फुकट आहे. पण डब्यातलं ते वाय-फाय बाहेरच्या मोबाइल टॉवरवरूनच नेट घेतं, आणि कोलोन ते फ्रँकफर्ट मार्गावर बोगद्यामागून बोगदे येतात. कर्जत ते लोणावळा घाटात ज्यांचा फोन तुटलाय त्यांना जास्त सांगायला नको. गाडीतून निरोप लिहून पाठवावा, बोलणं स्टेशनात उतरल्यावर.

५. जागा आणि वेळ निवडणं आपल्या हातात असतं.

हॉटेलातल्या खोलीत आवाज तुटत असेल तर दार उघडून उंबऱ्यात उभं राहून बघावं. राऊटर बहुधा बाहेरच्या मार्गिकेच्या छतावर असतो, आणि जाड दार, न्हाणीघराच्या भिंती, मोठा आरसा हे सगळं त्याच्या आणि आपल्या मधे येतं. यादीत एकाच नावाची दोन वाय-फाय दिसत असतील आणि एकापुढे ‘५ जी’ लिहिलं असेल, तर जवळ असताना ते निवडावं. तो ५ गिगाहर्ट्झचा पट्टा असतो. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना न भिडणाऱ्या वाटा तीनच, आणि त्यातच सगळ्या खोल्या, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ यांची गर्दी. त्यामुळे कानातही मी तारेचे इअरफोन घालते. इअरफोनचा आणखी एक उपयोग म्हणजे पलीकडच्या माणसाला स्वतःच्याच आवाजाचा प्रतिध्वनी ऐकू येत नाही.

वेळेचं महत्त्व मात्र जागेपेक्षाही मोठं. संध्याकाळी आठ ते अकरा हॉटेलातला प्रत्येक पाहुणा खोलीत बसून काही ना काही बघत असतो आणि सगळ्यांचं नेट एकाच नळातून येतं. पहाटे तेच वाय-फाय रिकामं असतं. जर्मनी आपल्या मागे आहे, उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार. तिथे सकाळचे सहा म्हणजे कराडला साडेनऊ किंवा साडेदहा. नानांची पूजा आणि नाश्ता उरकून ते पेपर घेऊन बसलेले असतात. हॉटेलचं नेट मोकळं, नाना मोकळे, आणि मी कामाला निघण्यापूर्वी ताजी. युरोपातले माझे फोन मी कायम सकाळीच करते.

६. चित्र आधी बंद करावं.

व्हिडिओ कॉल अडखळायला लागला की लगेच कॅमेरा बंद करून आवाजावर यावं. घरच्यांना चेहरा बघायचा असतो हे खरं. त्यासाठी फोटो पाठवावा, किंवा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून पाठवावा. तो सावकाश का होईना, अखंड पोहोचतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरायचा पर्याय आहे, तो प्रवासात चालू ठेवावा.

७. वाय-फाय चांगलं असून कॉल लागत नसेल तर त्या देशाचा कायदा बघावा.

दुबई विमानतळावर वाय-फाय फुकट आहे आणि वेगवानही. व्हॉट्सॲपचे निरोप झटकन जातात, फोटो जातात. कॉल मात्र होत नाही. संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या ॲपवरून बोलायला बंदी आहे, आणि व्हॉट्सॲपच्या कॉलला तिथे मोकळीक नाही. यातली सगळ्यात वाईट गोष्ट अशी, की कॉल सरळ नाकारला जात नाही. पलीकडे रिंग वाजते. घरचा माणूस धावत येऊन उचलतो, ‘हॅलो, हॅलो’ करतो, आणि या बाजूला नुसती शांतता. पहिल्यांदा आखातात गेलेल्या मुलाच्या आईला हे कुणी सांगितलेलं नसतं. मुलगा संकटात आहे, त्याला बोलू देत नाहीत, इथपर्यंत तिची कल्पना धावते. आमच्या कारखान्यातून कुणीही दुबईला निघालं की मी त्याच्या घरी फोन करून हे आधी सांगते.

तिथे राहणारे लोक बोटिमसारखी परवानाधारक ॲप वापरतात. थोड्या दिवसांसाठी गेलेल्यानंही तेच करावं, किंवा स्थानिक सिमवरून साधा फोन करावा. ‘व्हीपीएन लाव, सगळे लावतात’ असा सल्ला हमखास मिळतो. त्या देशाच्या २०२१ च्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी अशी आडवाट वापरली तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. नोकरीसाठी गेलेल्या माणसानं दहा मिनिटांच्या गप्पांसाठी ही जोखीम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चीनमध्ये तर व्हॉट्सॲप उघडतच नाही. तिथे सगळे वीचॅट वापरतात, आणि तेच वीचॅट भारतानं जून २०२० मध्ये बंद केलं. म्हणजे इकडचं तिकडे नाही आणि तिकडचं इकडे नाही. पण इथे एक बारकावा कामी येतो. हॉटेलच्या वाय-फायवरून आपण चीनच्या इंटरनेटवर असतो, म्हणून अडतो. भारतीय सिमवर डेटा रोमिंग घेतलं तर आपला डेटा फिरून आपल्या भारतीय कंपनीच्या यंत्रणेतून बाहेर पडतो, आणि व्हॉट्सॲप चालतं. चीनला जाणाऱ्यानं वाय-फायचा नाद सोडून थोड्या दिवसांचं रोमिंग पॅक घ्यावं. इतर कुठेही मी इतक्या ठामपणे हे सांगणार नाही.

८. तारेवरच्या चोरापेक्षा शेजारच्या कानाची काळजी जास्त घ्यावी.

पूर्वी इंटरनेट फोनचा आवाज बहुधा उघडाच जायचा. त्याच वाय-फायवर बसलेला कुणी जाणकार, फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरनं ते तुकडे गोळा करून पूर्ण संभाषण ऐकू शकत असे. २०१० मध्ये फायरशीप नावाचं एक साधन आलं, त्यानं कॅफेच्या उघड्या वाय-फायवरची दुसऱ्याची खाती दोन टिचक्यांत उघडून दाखवली आणि जगाचे डोळे उघडले. आता दिवस बदललेत. व्हॉट्सॲपचे निरोप आणि कॉल एप्रिल २०१६ पासून या टोकापासून त्या टोकापर्यंत कुलूपबंद जातात. मधल्या राऊटरच्या मालकाला आवाज ऐकू येत नाही.

पण माणसं आवाजाला कुलूप लावत नाहीत. विमानतळाच्या लाउंजमध्ये माझ्या मागच्या खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ बायकोला क्रेडिट कार्डाचा क्रमांक वाचून दाखवत होते. चार-चार आकड्यांचे गट, मग मुदत, मग मागचे तीन आकडे. आणि ऐकू येत नाही म्हणाल्यावर पुन्हा एकदा, मोठ्यानं. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं असतील. इंटरनेट फोनवर आवाज तुटला की माणूस आपोआप ओरडायला लागतो. अशा वेळी आकडे, पत्ते, घर किती दिवस बंद आहे, किल्ली कुणाकडे आहे, हे काहीही तोंडानं सांगू नये. ते लिहून पाठवावं.

बाकीची काळजी थोडक्यात. वाय-फायचं नेमकं नाव काउंटरवर विचारून घ्यावं, कारण तसंच दिसणारं नाव ठेवून कुणीही आपला डबा लावू शकतो. फुकट वाय-फायसाठी कार्डाचा तपशील मागितला, किंवा एखादं ॲप अथवा प्रमाणपत्र फोनमध्ये टाकायला सांगितलं, तर तिथूनच मागे फिरावं. बँकेचं काम मोबाइल डेटावर करावं. आणि जाताना त्या वाय-फायला ‘विसरून जा’ म्हणून फोनला सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी त्याच नावाच्या भलत्या डब्याला तो आपणहून जोडला जाणार नाही.

९. वाय-फाय कॉलिंग आणि व्हॉट्सॲप कॉल या वेगळ्या गोष्टी आहेत.

एअरटेलनं डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओनं जानेवारी २०२० मध्ये वाय-फाय कॉलिंग सुरू केलं. यात ॲप नसतं. आपल्या नेहमीच्या क्रमांकावरून साधाच फोन लागतो, फक्त तो टॉवरऐवजी वाय-फायवरून कंपनीकडे जातो. भारतात, जिथे घरात रेंज नाही पण वाय-फाय आहे, तिथे हे वरदान आहे. परदेशात मात्र असा कॉल कंपनी कसा धरते, त्याला रोमिंगचा दर लावते का, हे निघण्यापूर्वी विचारून लेखी घ्यावं. विमानात आणि क्रूझ जहाजावर फोन विमान-मोडमध्ये टाकून मगच वाय-फाय चालू करावं. जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क असतं, ते नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये सहसा बसत नाही, आणि बिल घरी आल्यावर कळतं. विमानातल्या वाय-फायवर निरोप पाठवा. बोलायला बहुतेक विमान कंपन्या मनाई करतात, आणि शेजारी झोपलेल्या माणसाचा विचार केला तर ते बरंच आहे.

१०. सार्वजनिक वाय-फाय हा दुसरा पर्याय असावा.

आता ई-सिम स्वस्त झालं आहे. युरोपीय संघात जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न पडता चालतं, त्यामुळे जर्मनीचं सिम घेतलं की ऑस्ट्रिया, फ्रान्स सगळं त्यात आलं. महत्त्वाचं बोलणं मी आता मोबाइल डेटावर करते. तरी वाय-फाय सुटत नाही. विमानातून उतरल्यानंतरचा पहिला अर्धा तास, तळघरातली प्रयोगशाळा, जाड भिंतींचं जुनं हॉटेल, इथे तेच कामाला येतं. आपल्याकडे मुंबई सेंट्रलला जानेवारी २०१६ मध्ये गूगल आणि रेलटेलनं स्टेशनचं वाय-फाय सुरू केलं, पुढे गूगल बाहेर पडलं आणि रेलटेलनं ते हजारो स्टेशनांवर नेलं. रोज पहिला अर्धा तास फुकट असतो. स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरणारी, गावी आईशी बोलणारी मुलं मी फलाटावर पाहते, आणि ही सोय टिकली पाहिजे असं मनापासून वाटतं.

११. अडीअडचणीचा फोन इंटरनेटवर सोडू नये.

भारतात आणि युरोपीय संघात ११२, दुबईत पोलिसांसाठी ९९९ आणि रुग्णवाहिकेसाठी ९९८, चीनमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी १२०. हे क्रमांक व्हॉट्सॲपवरून लागत नाहीत. ते फोनच्या साध्या डायलवरून किंवा हॉटेलच्या खोलीतल्या टेलिफोनवरून लावायचे असतात. पलीकडचा माणूस पहिल्यांदा विचारतो तो पत्ता, म्हणून हॉटेलचा पत्ता स्थानिक भाषेत छापलेलं कार्ड जवळ ठेवावं.

आणि निघण्यापूर्वी घरी एक कागद लिहून फ्रिजवर चिकटवावा. त्यावर हॉटेलचं नाव, पत्ता आणि टेलिफोन क्रमांक. यजमान कंपनीतल्या एका माणसाचा क्रमांक. आपल्या ऑफिसमधल्या एका माणसाचा क्रमांक. रोज फोन कुठल्या वेळी येईल ते. त्या देशात व्हॉट्सॲपचा कॉल लागतो की नाही ते. आणि ठरलेला फोन सलग दोन दिवस आला नाही तर पहिला फोन कुणाला करायचा, ते. मोबाइलमध्ये पाठवलेला निरोप म्हाताऱ्या माणसांना ऐन वेळी सापडत नाही. कागद मोठ्या अक्षरात लिहा, आणि तो लावल्याशिवाय घराबाहेर पडू नका.